वर्दीतला फोटो

वारलेल्या बायकोच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून घ्यायला म्हातारा फोटोच्या दुकानात आला होता. पुढे बहीणभाऊ, नुकत्याच गेलेल्या वडिलांचे दोन फोटो घेऊन.

“ताई, वर्दीतलाच लावू. छातीवर पदकं आहेत.”

“आणि हा? माझी वेणी घालतायत.”

“तोंडात रिबीन धरलेला सुभेदार भिंतीवर?”

“आई गेल्यावर रोज घालायचे. बुटाची नाडी आवळावी तशी. डोळे ताणले जायचे माझे.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलले असते तर वेणीसाठी शेजारच्या काकूंकडे पाठवलं असतं रे मला.”

भावाने वर्दीतला फोटो खिशात घातला आणि दुकानदाराला म्हणाला,

“दादा, हा वेणीचा मोठा करा.”

दुकानदाराने म्हाताऱ्यापुढे हात केला. “काका, तुमचा?”

“राहू दे. घरी तिचा एक आहे, माझ्यावर ओरडतानाचा. तो आणतो.”