ॲडॅप्टरला अस्तराची खोळ

नाही, पण मला एक सांगा, त्या ठोकळ्याला एवढं तापायची गरजच काय? काम काय हो त्याचं? भिंतीतली वीज घ्यायची आणि लॅपटॉपला द्यायची. संपलं! मधला माणूस! आणि मधली माणसं कधी तापलेली बघितलीत का तुम्ही? इकडचं तिकडे करून, आपला वाटा खाऊन, कशी गार बसलेली असतात! आणि हा एवढासा काळा ठोकळा, ॲडॅप्टर म्हणे, हा बेटा तापतो, रुसतो, बंद पडतो... कधी? तर नेमका हिच्या मुलाखतीच्या दिवशी! आता तुम्ही म्हणाल, याला काय कळतंय त्यातलं. तर तसं नाही हं. वायरीतलं मला कळतं!

तुम्हाला सांगतो, मी पडदे शिवतो. सगळा जन्म त्यात गेला. कुणाकडे गेलो की लोक "बसा" म्हणायच्या आत मी त्यांच्या खिडकीची किनार बघून घेतो, आणि किनार सरळ नसली तर मला बसवत नाही. लोंबणारं, वाकडंतिकडं काही डोळ्याला खपतच नाही. त्यात ही वायर! वायरीला काही रूप आहे का हो? घोळ नाही, चुणी नाही, पडण्यात ऐट नाही. टाकली तशी पडते आणि पडली तशी राहते, वर पायात अडकते ती वेगळीच.

तर झालं काय, आमची ही दातांच्या डॉक्टरकडे होती. म्हणजे दात दुखतात म्हणून नव्हे हो, नोकरीला! बाहेरच्या टेबलावर, नावं घ्यायला. घाबरलेला माणूस आला की त्याच्याशी बोलत बोलत त्याला आतल्या खुर्चीपर्यंत न्यायचं आणि त्याला कळायच्या आत तोंड उघडून बसवायचं, ही तिची खासियत. मग डॉक्टर थकले, दवाखाना बंद झाला, आणि ही घरी. घरी म्हणजे कुठे? माझ्या शिवणाच्या खोलीत! "अहो, हा पडदा जरा तिरका नाही का वाटत?" मला! मला विचारते, तिरका नाही का! बरं, खरं सांगू? होता तिरका. आणि त्याहून खरं सांगू? ती सुकत चालली होती. दिवसभर माणसांशी बोलणारी बाई भांड्यांशी बोलायला लागली, "चल बाई, तुझा नंबर आला," असं कढईला म्हणताना मी ऐकलं तिला. मला नाही बघवलं ते.

आणि अशात ती जाहिरात आली. घरगुती यंत्रं विकणारी कुठलीशी कंपनी. लोक फोन करणार, "अहो, हे चालतच नाही हो!" आणि हिनं घरी लॅपटॉपसमोर बसून त्यांना समजावून सांगायचं. हे काम म्हणजे माप घेऊनच शिवल्यासारखं! मुलाखतही लॅपटॉपवरच. आता लॅपटॉप आमच्याकडे आहे, लेकीनं नवा घेतला तेव्हा जुना आम्हाला दिला. पण त्याची बॅटरी अशी, की वायर काढली रे काढली की थोड्या वेळात मान टाकते. तेव्हा वायर लावूनच बसायचं. आणि प्लग कुठे? दाराशी. टेबल कुठे? खिडकीशी. कारण उजेड तिथे, आणि मागे मी शिवलेला पडदा, तो दिसायला नको का त्या लोकांना? वायर काही तिथवर पोचेना. ही म्हणाली, "लेकीला विचारू या का?" म्हटलं, "लेकीला कशाला त्रास? वायरीतलं मला कळतं!"

गेलो दुकानात. म्हटलं, लॅपटॉपची वायर लांब करून द्या. तो दुकानदार म्हणाला, "काका, कुठली? भिंतीपासून ठोकळ्यापर्यंतची, की ठोकळ्यापासून लॅपटॉपपर्यंतची?" आता मला काय स्वप्न पडलंय, की या दोन वेगळ्या असतात? मी आपलं ठोकून दिलं, "मधली." तो म्हणाला, "मध्ये ठोकळा आहे." मी म्हटलं, "मग ठोकळा लांब द्या!"

तुम्ही हसताय. तोही हसला. पण मग त्यानं नीट सांगितलं हं. ठोकळ्यातून लॅपटॉपकडे जाते ती बारीक वायर, ती ठोकळ्याच्या अंगातूनच निघालेली, तिला हात लावायचा नाही. भिंतीकडून ठोकळ्याकडे येते ती जाड, ती उपसून निघते. ती काढायची आणि तिच्या जागी लांब घालायची. "ठोकळ्याला मागे भोकं किती आहेत?" मी म्हटलं, "भोकंच ना? असतील दोन." घेऊन आलो दोन भोकांची. बसेना! ठोकळा उलटून बघतो तर तीन! परत गेलो. दुकानदार गालातल्या गालात हसत होता. मग विचारतो, "लांबी किती देऊ?" आता इथे मी छाती पुढे काढली, कारण माप तर मी घेऊनच गेलो होतो. दारापासून टेबलापर्यंत टेप लावून, कोपरा धरून, अगदी बरोबर! सांगितलं माप, आणली वायर, लावली भिंतीला, आणि सोडत गेलो तर टेबल आलं, टेबल गेलं, खिडकी आली, तरी वायर संपेचना! अहो, दुप्पट! सवय हो सवय! पडद्याचं माप घेतलं की हात आपोआप दुप्पट करतो. दुप्पट कापड घेतलं नाही तर चुण्या कशा पडतील?

ही म्हणाली, "वायरीला चुण्या?"

मी म्हटलं, "तू बघच."

आणि तुम्हाला सांगतो, मी जे शिवलं ना... आजवर असं शिवलं नव्हतं! पडद्याच्याच कापडातून वायरीला लांब खोळ, भिंतीच्या कडेनं जाणारी, कुणी म्हणणार नाही की आत वायर आहे. आणि उरलेली वायर? ती गोल गोल गुंडाळली, मध्ये ठोकळा बसवला आणि दोघांना मिळून एक पिशवी, टेबलाखाली ठेवायला. पिशवीला आतून अस्तर, अस्तराच्या आत कापूस, काठाला गोट, वर झाकण, आणि सगळीकडून दुहेरी टीप! एक धागा दिसत नव्हता बाहेर. हिनं हातात घेऊन बघितलं. "अहो, याला स्वेटर कशाला?" म्हटलं, "उघडा बरा दिसतो का?" "नाही, पण वीज खेळते ना त्यात..." म्हटलं, "तू तुझी उत्तरं पाठ कर. वायरीतलं मला कळतं!"

मुलाखतीच्या दिवशी ही सकाळपासून लॅपटॉपसमोर. आरशात बघावं तसं त्यात बघून बोलणं चाललं होतं, "नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?" इतकी गोड बोलत होती, की मी दोनदा "चहा" म्हटलं! आणि तिसऱ्यांदा म्हणणार तेवढ्यात ती म्हणाली, "अहो... हे लाल का दिसतंय?"

बॅटरी! लाल! वायर लावलेली, बटण चालू, आणि चार्जिंग बंद! प्लग काढून पुन्हा लावला, तरी लालच! पण चेहऱ्यावर काही दाखवलं? छे! म्हटलं, "भिंतीतून कमी येत असेल." शेजारी एक निवृत्त इंजिनियर राहतात, त्यांना ओढून आणलं. त्यांनी आयुष्यभर पूल बांधलेत. त्यांनी वायरीची खोळ या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून बघितली, भिंतीवर टकटक केलं, आणि गंभीर होऊन म्हणाले, "मध्ये आधार नाही." म्हटलं, "साहेब, वायर आहे, पूल नाही." म्हणाले, "तेच म्हणतोय, पूल असता तर मी सांगितलं असतं." आणि गेले! तेवढ्यात लॅपटॉप वाजला, मुलाखतवाली मंडळी पडद्यावर हजर, आणि मी जिथे होतो तिथेच खाली बसलो. खाली म्हणजे टेबलाखाली!

आता वर मुलाखत, खाली मी. वर एक मोठ्या बाई विचारतायत, त्यांचा आवाज कडक, आणि ही उत्तर देतेय. आणि तुम्हाला खरं सांगतो, तिचं बोलणं मी इतक्या वर्षांत असं ऐकलंच नव्हतं हो! दवाखान्यात मी कधी गेलोच नाही, माझे दात बरे आहेत. किती शांत, किती हसरं... मला वाटलं ही नोकरी हिला मिळालीच पाहिजे, आणि नाही मिळाली तर ती माझ्या या वायरीमुळे.  काहीतरी करायचं म्हणून पिशवीला हात लावला तर... आई गं!

मी ओरडलो की काय कोण जाणे.  मग त्या बाईंचा आवाज, "समजा, एक ग्राहक आहे. त्याला काही कळत नाही, पण मला सगळं कळतं असं त्याचं म्हणणं आहे. त्याच्याशी तुम्ही कसं बोलाल?"

हिनं खुर्ची मागे सरकवली. मग म्हणाली, "मॅडम, करूनच दाखवते." आणि खाली वाकून मला म्हणते, "नमस्कार! वायरीतलं आपल्याला कळतं ना?"

माझ्या तोंडातून सवयीनं गेलं, "वायरीतलं मला कळतं!"

"वा, मग तर मला मदतच होईल. आपल्या हाताला काय लागतंय?"

"पिशवी."

"कशी आहे?"

"इस्त्रीखालून आत्ता काढल्यासारखी!"

"अगदी बरोबर ओळखलंत. आत काय काय आहे?"

"ठोकळा... आणि उरलेली वायर, गुंडाळून."

"आणि भोवती?"

"अस्तर."

"आणखी?"

काय सांगू तुम्हाला, तो एक शब्द मी जमिनीकडे बघून म्हटला. "कापूस."

वर कुणीतरी खोकलं. ही मात्र हसली नाही हं! म्हणाली, "शिवलंय फार सुंदर. फक्त असं आहे, भिंतीतली वीज लॅपटॉपला झेपत नाही, ती त्याला झेपेल अशी करून द्यायची या ठोकळ्यानं. ते करताना तो तापणारच. म्हणून त्याला मोकळा वारा लागतो, आणि वायरही सैल लागते. वारा मिळाला नाही की स्वतः जळू नये म्हणून तो काम थांबवतो. बिघडलेला नाही तो, नुसता गुदमरलाय. आधी भिंतीतला प्लग काढा. आणि मग... उसवा."

उसवा! दुहेरी टीप! मी माझ्याच हातानं, खिशातल्या छोट्या कात्रीनं, टेबलाखाली पोटावर पडून, कट कट कट... आणि वर त्या बाई विचारतायत, "बॅटरी किती उरलीये?" तर ही म्हणते, "ते ग्राहकासमोर सांगायचं नसतं मॅडम, कात्री भलतीकडे जाते." जातच होती! कापूस नाकात गेला, गोट सुटला, ठोकळा बाहेर आला, वायर मोकळी केली, आणि पडद्याच्या वरच्या कडेत घालतात ना ती कडक बकरमची पट्टी, ती घेऊन मी त्याला वारा घातला. लॅपटॉपच्या ठोकळ्याला वारा घातलाय का हो कुणी कधी? मी घातलाय! आणि वर ही त्यांना सांगतेय, "ग्राहक फार मनापासून करतायत. आपण जरा धीर धरू या." मग म्हणाली, "लावा आता." लावला प्लग. ठोकळ्यावर एवढासा हिरवा दिवा आला, आणि वर लॅपटॉप म्हणाला, टुंग!

मी असा आनंदानं उठलो, की डोकं टेबलावर ठाण! लॅपटॉप हलला आणि त्यांना दिसलो मी, केसांत कापूस, हातात बकरम. म्हटलं, "नमस्कार." अहो, त्या कडक आवाजाच्या बाई डोळे पुसायला लागल्या हसून हसून! आणि ही? ही हसत होती. किती दिवसांनी! पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. डोक्याला टेंगूळ आलं होतं, पण तुम्हाला सांगतो, मला दुखलं नाही.

नोकरी मिळाली हो! तिथल्या तिथे मिळाली! आता दिवसभर ही बोलतेय. कुणाला झाकण उघडायला सांगते, कुणाला बटण दाबायला सांगते, आणि कढईशी बोलणं बंद. इतकी खूश आहे, की माझा पडदा तिरका असला तरी सांगत नाही. मीच उठून विचारतो.

फक्त एक झालंय. त्या मोठ्या बाईंना माझा फार लळा लागला. आता कंपनीत नवीन माणसं घेतली की आमच्याकडे फोन येतो, "यांना शिकवायचंय, तुमचे ग्राहक मोकळे आहेत का?" मग मी आपला शिवण बाजूला ठेवतो आणि वायर घेऊन बसतो. नवीन मुलं-मुली समजावतात, मी सगळं उलटंच ऐकतो, म्हणजे ऐकायचं असतं... आत्ताही तीच हाक आलीय बघा. उठायला हवं. अजून तासभर काही कळत नाही असं दाखवायचंय. मी परवा हिला म्हटलं, "अगं, रोज रोज असं नाटक करायचं म्हणजे दमायला होतं." तर म्हणाली, "काय नाटक करता तुम्ही? मी तर त्यांना सांगून ठेवलंय, हे जसे आहेत तसेच बसतील."