पंधरावा डाग

१९५८ चा जानेवारी. कॅसलरॉक स्टेशनवर गाडीची वाट पाहत होतो. बाकावर केवड्याच्या पानांच्या चटया विणणारी फुला भावापाशी, म्हादूपाशी, तणतणत होती. पानांवरची बुरशी गोळा करायला आलेले पुण्याचे प्रोफेसर पलीकडे पानांच्या पेटीवर बसले होते.

“‘दलदलीतल्या केवड्यावर मला चौदा जातींची बुरशी सापडली,’ म्हनं! त्येला सापडली?”

“हळू बोल, अक्का. सायेब ऐकतील.”

“ऐकू दे! मांडीभर चिखलात कोन शिरलं? राखी डाग येगळा, सुईचा डाग येगळा, हे कुनी दावलं?”

“तूच. पन त्येंनी भिंगातनं बघितलं.”

“मी पंचवीस वर्सं बोटांनी बघतीया. कुटल्या डागाचं पान विनताना तुटतंय, ते भिंग सांगतंय व्हय? वहीत माझं नाव तरी हाय?”

“हाय की. ‘पानं तोडणारी बाई.’”

“चौदा डागांना नावं दिली, आन् मला एक गावलं न्हाई?”

“पंधरावा हाय का, इचारत हुते. तू न्हाई म्हनलीस.”

“न्हाईच म्हननार!”

“म्हंजी हाय?”

“डागाळलेल्या पानांच्या चटया आपन इकत न्हाई, घरातच हातरतो. काल पंधराव्या डागावर बसूनच भात जेवला की त्यो!”