निरोगी माणसांची गोळी

भिलाईत पोलादाचा कारखाना उभा राहत होता तेव्हाची गोष्ट. लेकीला लस टोचायला आलेली कमलिनी दवाखान्याच्या बाकावर बसली होती. शेजारी एक जोडपं हळू आवाजात बोलत होतं.

"कायची गोळी हाय ते?"

"चहानं तरतरी येते ना, तशी. नवी हाय, म्हनून मानसाईवर आजमावून पाहून राहिले; देल्यावर नाडी पाहतात. तब्येतीनं चांगले मानसंच घेऊन राहिले."

"मंग तुमाले कावून घेतलं?"

"मी सांगितलं, मले काहीच तरास नाही."

"अन् मागच्या हप्त्यात शिडीवर छाती धरून बसले, ते?"

"हळू बोल! कोनी आयकलं तं भट्टीवरचं काम जाईन."

"गोळीले नाही म्हना ना."

"तं इचारतीन, कावून?"

कमलिनीनं लेकीला घट्ट धरलं. आतून हाक आली, "पुंडलिक!"

तो उठायच्या आधी बायकोच दाराशी पोचली.

"डॉक्टरसाहेब, याईले गोळी देऊ नका. छातीत दुखते याईच्या."

डॉक्टरांनी गोळी बशीत ठेवली. "सदरा काढा. आधी छाती तपासू."

पुंडलिक गुंड्या सोडत बायकोला म्हणाला, "झालं समाधान?"

"झालं," ती म्हणाली आणि त्याचा सदरा छातीशी धरून तिथंच उभी राहिली.