मागच्या दाराची राखण

श्रीरामपूरच्या एसटी स्टँडवर रांगेत माझ्यापुढं दोघीजणी बोलत होत्या.

"छबूबाई, जावयाच्या मोटारीचं मागचं दार लागतं का आता?"

"बोटानं ढकललं तरी लागतं! त्यानं बिजागरीचे स्क्रू ढिले केले, अन् दार वर उचलून सरळ बसवलं. पर मला दार उचलून लावायची जुनी सवय. त्यानं स्क्रू आवळायच्या आधीच मी उचलून आपटलं, अन् दार परत खाली उतरलं."

"आगं बया! चिडला असंल."

"न्हाई गं, हसला. म्हनला, 'मामी, आता तुमीच धरा.' मी खांद्यावर दार तोललं, त्यानं स्क्रू आवळले."

"लई गुनाचा हाय!"

"अन् हुशार बी. दाराचं वझं माझ्याच खांद्यावर दिलं. तवापासून त्या दाराला मी कुनाला हात लावू देत न्हाई."