आत आम्हीच आहोत

मास्तरीण : डबा तिथंच आहे, मशीनखाली. घे, पण घटकाभर बस तरी.

काजवाली : बसायला नाही आले, मास्तरीणबाई. माझ्या सुया नि दोरे घेऊन निघते. भाऊ बाहेर उभा आहे. तुमच्या गल्लीत मला एकटीला सोडत नाही तो.

मास्तरीण : आजवर कधी मला अहोजाहो केलं नव्हतंस.

काजवाली : आजवर कधी कापायच्या टेबलाखाली लपलेही नव्हते.

मास्तरीण : वाचलीस ना?

काजवाली : वाचले. आमच्याकडे सगळ्यांना सांगते, दंगलीत मला मास्तरिणीनं लपवलं. पुढचं तेवढं नाही सांगत.

मास्तरीण : पुढचं काय?

काजवाली : तुमच्याकडची माणसं शटरवर काठ्या आपटत होती. आत कोण आहे, म्हणून विचारलं. तुम्ही काय म्हणालात?

मास्तरीण : आत आम्हीच आहोत, म्हणाले.

काजवाली : आम्हीच. म्हणजे तुमचेच लोक. तोंडात पदर कोंबून ऐकलं मी. इतकी वर्षं शेजारी बसून काजं केली, आणि वेळ आली तेव्हा मी खिजगणतीतही नाही.

मास्तरीण : म्हणून इतके महिने फिरकली नाहीस?

काजवाली : म्हणून. भावाला वाटतं, भीतीनं.

मास्तरीण : अगं वेडे, शटरपलीकडे माझा सख्खा दीर होता. ‘आत आपलेच आहेत’ म्हटलं असतं, तर लगेच गेला असता. पण ते तोंडातून फुटेना. आपले म्हटलं, की तो आणि त्याच्या हातातली काठी, दोन्ही माझी झाली असती.

काजवाली : मग आम्ही म्हणजे कोण?

मास्तरीण : आत होतं कोण? तू नि मी.

(काजवाली उचललेला डबा टेबलावर ठेवते.)

काजवाली : दिराला कळलं?

मास्तरीण : कळलं असणार. शटरवर आणखी एक काठी हाणली आणि गर्दी पुढे नेली. तेव्हापासून घरात माझ्याशी शब्द नाही त्याचा.

काजवाली : ... आणि हा शर्ट कुणी केलाय? काज आहे की उंदराचं बीळ?

मास्तरीण : मीच. दुसरं कोण होतं करायला?

काजवाली : उसव ते. सुई मी ओवते.

मास्तरीण : आणि भाऊ? बाहेर ताटकळलाय बिचारा.

काजवाली : जा, सांग त्याला. म्हणावं, आम्हाला वेळ लागेल.