साहेब मला पाण्यात बघतात

...नाही, तुम्हीच सांगा, आठ महिने मी राबलो आणि ऐन परीक्षेच्या वेळी कुणी मागे उभं राहून "अजून घाला, अजून घाला" करावं का? तुम्हाला सांगतो, आमच्या प्रयोगशाळेचे साहेब मला पाण्यात बघतात. पहिल्या दिवसापासून.

काम काय, तर गढूळ पाण्यातला गाळ खाली बसवणारं पॉलिमर बनवायचं. गाळाचे कण सगळे ऋण भाराचे, म्हणजे माझे दोन मेहुणेच बघा, स्वभाव एकच, म्हणून एका खोलीत बसत नाहीत. माझं पॉलिमर धन भाराचं, ते मध्ये पडतं, दोघांना धरतं आणि खाली बसवतं. तीनदा फ्लास्कमध्येच डिंकासारखं घट्ट झालं, फ्लास्क फोडून काढलं, पण जमवलं.

आज पाणीखात्याच्या इंजिनिअरबाई आल्या. पाणी निवळलं तर पॉलिमर पास, नाहीतर माझी गोदामात बदली. बायको सकाळीच म्हणाली, "गोदाम नक्की झालं की फोन करा, जुने शर्ट काढून ठेवते." धीर द्यायची पद्धत आहे तिची...

सहा बीकर, नदीचं गढूळ पाणी, आत पाती फिरतायत. पहिल्यात मोजून दोन थेंब टाकले तोच साहेब आले. "एवढंसं? बाईंसमोर लाज काढता? सढळ हाताने घाला." अहो, जास्त झालं तर सगळ्याच कणांवर धन भार चढतो, पुन्हा एकमेकांना ढकलतात... पण ऐकतील तर शपथ! उरलेल्या पाचांत ओतावं लागलं. म्हटलं ना, पाण्यात बघतात.

पाती थांबली. मुदत दहा मिनिटं. तीन झाली, काही नाही. पाच झाली, सहाही गढूळ. बाई घड्याळ बघतायत, साहेब मला बघतायत, मला गोदाम दिसतंय. सातवंही गेलं... आणि आठव्याला पहिल्या बीकरमध्ये गाळाचे पुंजके धरले, खाली, अजून खाली, तळाला बसले. वर पाणी लख्ख. बाकीचे पाच तस्सेच.

बाईंनी विचारलं, "पहिल्यात किती घातलंत?"

मी तोंड उघडायच्या आत साहेब, "दोनच थेंब. केव्हाचा सांगतोय यांना, हात आखडता घ्या."

घ्या! पॉलिमर पास, गोदाम टळलं. बाई गेल्यावर साहेबांनी तो बीकर डोळ्यांसमोर धरला, पलीकडे मी उभा. "हं," म्हणाले, "ते पाच धुऊन ठेवा."

म्हणजे साहेब अजूनही मला पाण्यातच बघतात. फरक एवढाच, पाणी आता स्वच्छ आहे, त्यामुळे मी त्यांना जास्तच नीट दिसतो.