डोंग्यातून आलेला फोन

तुम्हाला कारध्याच्या रायभानकाकांचं सांगितलं नाही का मी? ते वैनगंगेत मासे धरतात. चाळीस वर्षं विडी ओढल्यावर जाळं फेकताना धाप लागायला लागली, तेव्हा बायकोने त्यांना आमच्या दवाखान्यात आणलं. तिथे विडी-तंबाखू सोडवायचं काम माझ्याकडे असतं. काकांनी याआधी दोनदा सोडली होती आणि दोनदा पुन्हा धरली होती. मी त्यांना माझा नंबर दिला आणि म्हटलं, "तलफ आली की आधी मला फोन करा. पाच-दहा मिनिटांत ती ओसरते."

विडी सोडल्याच्या बाराव्या दिवशी सकाळी काकांचा फोन आला. "मॅडम, विडी ओठात हाय, माचिस हातात हाय. लवकर बोला."

मी गडबडले. नेहमीचंच सांगितलं, "काका, उठा, जागा बदला, जरा फिरून या."

"कुठं फिरू जी? डोंग्यात बसून राहिलो, नदीच्या मधात!"

मग मी सल्ले सोडले आणि आज जाळ्यात काय आलं ते विचारलं. काका आधी तुटक बोलत होते. हळूहळू कोणता मासा लागला, कोणता निसटला, जाळं कुठं फाटलं, सगळं सांगत सुटले. आणि मध्येच एकदम गप्प झाले.

"काका, काय झालं?"

"माचिस पाण्यात गेली."

"पडली?"

"पडली नाही जी. फेकली."